लांबचे डोंगर आणि मधला प्रोसेसर

आमच्या घरी कुठलीही मोठी वस्तू घ्यायची म्हटली की बाबा दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात, "याच्या वरचा कोणता?" फ्रिज घेताना विचारला, पाण्याचा फिल्टर घेताना विचारला, आईची शिलाई मशीन घेताना तर दोन दुकानांत विचारला. दुकानदार जे दाखवेल त्याच्या वरचं काहीतरी असतंच, आणि ते बघितल्याशिवाय बाबा दुकानाबाहेर पडत नाहीत. परवडलं तर तेच घेतात. नाही परवडलं तर निदान हात लावून येतात.

त्यामुळे यंदा मार्चमध्ये माझ्यासाठी गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा प्रोसेसर कोणता हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात ते औषधांच्या स्टोअरमध्ये आहेत. ड्युटी संपवून पिपरीला घरी येताना ते बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात चौकशी करून आले होते.

"दोन सांगतले त्यानं," जेवताना ते म्हणाले. "एक मधला, एक वरचा. आपण वरचा घेऊ."

"मला मधला चालेल," मी म्हणाले.

बाबांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. मग दोघंही पुन्हा जेवायला लागले.

त्या बघण्याचा अर्थ मला नीट माहीत होता. मी "चालेल" म्हणणारी मुलगी आहे. शाळेसाठी सायकल घ्यायला गेलो होतो तेव्हा मला निळी आवडली होती, पण दुकानदाराने लाल पुढे काढली होती आणि तो तिची घंटी वाजवून दाखवत होता, म्हणून मी लाल चालेल म्हणाले. दिवाळीला आत्याकडून कपडे आले की माझ्या वाट्याला जे येईल ते मला चालायचं. लोकांना हा माझा समजूतदारपणा वाटायचा. तसं काही नव्हतं. एखादी गोष्ट तुला कशी हवी, असं विचारून चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत थांबली की मला ते सहन होत नाही. चालेल म्हटलं की सगळ्यांची नजर दुसरीकडे वळते.

आता अडचण अशी होती की या वेळी मला मधला खरंच हवा होता. अगदी ठरवून, विचार करून हवा होता. आणि तो मागण्यासाठी माझ्या तोंडून नेमका तोच शब्द निघाला होता, जो मी आयुष्यभर हवं ते न मागण्यासाठी वापरला होता.

बाबांच्या बाजूनेही या प्रकरणाला एक इतिहास होता. बाबांचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा, गावाकडे शेती करतात. वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा माल काढतात आणि वर्ध्याच्या बाजारात आणतात. त्यांचा मुलगा, माझा दादा, नागपूरला शिकायला गेला तेव्हा मोठेबाबांनी त्याला चांगला भारी कॉम्प्युटर घेऊन दिला. आम्ही सगळे तो बघायला गेलो होतो. आतून निळे-जांभळे दिवे लागणारी ती पेटी बघून बाबा म्हणाले, "आमच्या पोरीलेही घेऊ असा एखादा." त्यावर मोठीआई पोहे वाढता वाढता म्हणाली, "तिले काय करायचा भाऊजी? तिले मोबाइल पुरते."

मोठीआई वाईट नाही. तिने ते सहज म्हटलं आणि लगेच मला पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं. बाबाही तेव्हा हसले. पण परत येताना स्कूटरवर ते एकदाही काही बोलले नाहीत, आणि बाबा स्कूटरवर गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवर ते काहीतरी शेरा मारतात.

माझं एम.एस्सी. झालं, घरून करायची नोकरी लागली, आणि बाबांनी तो विषय स्वतःहून काढला. त्यांना मला वरचा प्रोसेसर घेऊन द्यायचा होता. वरचा म्हणजे दादाच्याही वरचा. आणि मी म्हणत होते, मधला चालेल.

मधला का, हे सांगायचं तर मी कॉम्प्युटरवर काय करते ते सांगावं लागलं असतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. घरच्यांना वाटायचं, मी बंदुकीचे खेळ खेळते. आई अधूनमधून दारातून विचारायची, "आज किती मेले वो?" मी हसून वेळ मारून न्यायचे. मी खेळते ते खेळ वेगळे आहेत. त्यांत एक मोठं जग असतं. गवताळ माळ, नद्या, पडकी गावं, जंगल. तिथे लढायाही असतात, पण त्या टाळता येतात. मी त्या टाळते आणि नुसती फिरते. एखाद्या ओढ्याच्या काठाने निघायचं आणि तो कुठे जातो ते बघायचं, एवढंच. शाळेतल्या मैत्रिणींना एकदा हे सांगायचा प्रयत्न केला होता. "मग जिंकायचं कसं?" असं त्यांनी विचारलं. नंतर मी तो विषय कधी काढला नाही.

हे फिरणं कॉलेजपासूनच्या जुन्या लॅपटॉपवर चालायचं. तो इतका तापायचा की मी त्याच्या मागच्या बाजूला दोन स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून त्याला उंच करायचे. खेळाची चित्रं त्याला झेपायची नाहीत. सगळ्या सेटिंग खाली आणल्या की तो कसाबसा चालायचा. पण सेटिंग खाली आणल्या की लांबचं काही दिसत नाही. शंभरेक पावलांपलीकडे सगळं पांढुरकं होतं. मशीनला काढता येत नाही म्हणून खेळ तिथे धुकं टाकतो. खेळाच्या नकाशात उत्तरेला डोंगरांची मोठी रांग होती. मी त्या रांगेच्या पायथ्याशी दोन वर्षं फिरत होते आणि ती मी एकदाही बघितली नव्हती.

मला ते डोंगर बघायचे होते. बास. एवढं एकच हवं होतं.

त्यासाठी काय लागतं ते शोधताना मी महिनाभर वाचत होते, व्हिडिओ बघत होते, वेगवेगळ्या मशीनवर तोच खेळ कसा दिसतो ते ताडून बघत होते. लांबचं दृश्य काढायचं काम मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचं असतं. प्रोसेसर त्याला काम पुरवत राहतो. मधला प्रोसेसर ते काम आरामात पुरवतो. वरचा घेतला तर तो बहुतेक वेळ कार्डाची वाट बघत बसून राहणार. शिवाय वरचा जास्त वीज खातो, जास्त तापतो, त्याला थंड ठेवायला वेगळी मोठी सोय करावी लागते. मे महिन्यात वर्ध्यात माणसालाच थंड ठेवणं मुश्कील असतं. वरच्या प्रोसेसरचा फायदा होतो तो व्हिडिओ बनवणाऱ्यांना, नाहीतर ज्या खेळांत शहरं असतात आणि रस्त्यावर माणसांची गर्दी असते तिथे. मी गर्दीत जात नाही. खेळातसुद्धा.

आणि मुख्य म्हणजे आमच्या ठरलेल्या पैशांत वरचा प्रोसेसर घेतला की कार्ड साधं घ्यावं लागत होतं. म्हणजे दिसायला भारी मशीन घरात येणार आणि डोंगर धुक्यातच राहणार.

हे सगळं माझ्या डोक्यात स्पष्ट होतं. इंग्रजीत होतं, हाही एक भाग आहे. माझी शाळा इंग्रजी, वाचन इंग्रजी, आणि घरात सगळे वऱ्हाडी बोलतात. मी मधलंच काहीतरी बोलते. एखादी गोष्ट घरी समजावून सांगायची असली की आधी मनातल्या मनात ती वळवून घ्यावी लागते, आणि तेवढ्यात समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो.

शनिवारी बाबा मला दुकानात घेऊन गेले. दुकानदारकाकांनी बाबांना खुर्ची दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताईले ऑफिसच्या कामासाठी पायजे असन."

"गेम खेळते ते," बाबा म्हणाले. स्टोअरमध्ये खोक्यांच्या पलीकडच्या माणसाशी बोलायची सवय असल्यामुळे बाबांचा आवाज मोठा आहे. काउंटरवर माऊस बघत असलेले दोघे वळून बघायला लागले. मी प्रिंटरच्या खोक्यांकडे तोंड केलं.

"गेम? मंग लुडो-बिडो का?"

"लुडो काऊन खेळन ते? मोठे गेम खेळते." बाबांना कोणते ते माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांग ना बेटा."

"ओपन वर्ल्ड," मी म्हणाले. ते बहुधा फक्त प्रिंटरने ऐकलं.

"मंग वरचाच घ्या साहेब," काका म्हणाले. "पाच साल टेन्शन नाई." त्यांनी वरच्या प्रोसेसरचा डबा काउंटरवर ठेवला. डबा भलताच देखणा होता. बाबांनी तो तळहातावर घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला.

"एवढासा?"

"आतमधला तं याहून लहान आहे. पण सगळा दिमाग त्यातच."

मी एकदा प्रयत्न केला. "मधला घेतला आणि कार्ड वरचं घेतलं तर..."

"कार्ड काय, मागून बदलता येते," काकांनी बाबांनाच उत्तर दिलं. "प्रोसेसर एकदाच घेतो माणूस."

हे खरं नव्हतं. पुढेमागे त्याच मदरबोर्डावर वरचा प्रोसेसर बसवता येतो, हे मी वाचलेलं होतं. बोर्डाचं नावसुद्धा मला पाठ होतं. बाबा थांबले होते. मी काही बोलते का, याची ते वाट बघत होते, हे त्यांच्याकडे न बघताही कळत होतं. मी शेल्फवरच्या की-बोर्डांवर धूळ किती आहे ते बघत राहिले.

"सामान नागपूरवरून येते," काका म्हणाले. "संध्याकाळी ऑर्डर टाकतो मी. तवापर्यंत फोन करून द्या."

"सांगतो," बाबा म्हणाले आणि उठले. घेऊनच टाकतील असं मला वाटलं होतं. घेतला नाही.

घरी आल्यावर बाबांनी दादाला फोन लावला, स्पीकरवर. आई भाजी निवडत होती.

"काका, वरचाच घ्या," दादा म्हणाला. "मधला घ्यान तं पोट्टी दोन वर्षांत रडत येईन."

"दादा, तुझं काम वेगळं आहे," मी म्हणाले. दादाशी मी थोडं बोलू शकते. "तू व्हिडिओ बनवतोस. तुला लागतो."

"अन् तू काय करते?"

"मी फिरते."

"फिरते म्हणजे?"

"काही नाही."

"फिरायले तं सायकलही पुरते," दादा म्हणाला, स्वतःच हसला, आणि त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून त्याने फोन ठेवला.

बाबा हसले नाहीत. ते फोनकडे बघत होते. मग म्हणाले, "फिरते म्हणजे काय करते तू? दाखव बरं."

मला नाही म्हणायचं होतं. कुणी माझी डायरी मागावी तसं वाटलं, आणि मी तर डायरीही लिहीत नाही. पण संध्याकाळ होत आली होती, आणि बाबांनी फोन केला की सामान निघणार होतं. मी लॅपटॉप आणला, दिवाणावर ठेवला, मागे वाट्या घातल्या आणि खेळ सुरू केला. तो सुरू व्हायला इतका वेळ लागला की आईची अख्खी मेथीची जुडी निवडून झाली.

पडद्यावर खेळातली माझी बाई आली. पाठमोरी, अंगावर जुनाट झगा, गुडघाभर गवतात उभी. मी तिला चालवायला लागले. बाबा वाकून बघत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. ती नुसती चालत होती.

"कोणाले मारायचं नाई का?" त्यांनी विचारलं.

"नाही मारलं तरी चालतं."

"मंग हे चालली कुठं?"

"उत्तरेला. तिथे डोंगर आहेत."

"कुठं आहेत? मले तं धुकं दिसून राह्यलं."

"धुकं नाही ते, बाबा. इथे ऊन आहे. बघा, तिची सावली पडलीय. लॅपटॉपला लांबचं काढता येत नाही म्हणून तो पांढरं करून टाकतो. डोंगर आहेत. मी त्यांच्या अगदी खाली उभी आहे."

बाबा पडद्याच्या आणखी जवळ गेले. आईसुद्धा पदराला हात पुसत आली आणि त्यांच्या खांद्यावरून बघायला लागली.

"म्हणजे गिरडच्या टेकडीवर एवढं चढून गेलो अन् खाली काहीच दिसलं नाई, असं झालं हे," बाबा म्हणाले.

"हो. दोन वर्षं तसंच होतंय."

"दोन वर्षं?" आई म्हणाली. "अन् मी म्हणो, पोरगी लोकं मारून राह्यली."

मग मी बोलले. मनात वळवून न घेता, जसं येईल तसं, अर्धं इंग्रजीत. लांबचं काढायचं काम कार्डाचं असतं, प्रोसेसर त्याला काम पुरवतो, कार्ड लहान राहिलं तर प्रोसेसर कितीही मोठा घेतला तरी तो बसून राहतो. बाबा भुवया आवळून ऐकत होते. मधेच त्यांनी हात वर केला.

"थांब, थांब. तुह्या मोठेबाबानं विहिरीवर मोटर बदलली होती, आठवते? पाच एचपीची काढून साडेसातची टाकली. पाइप जुनाच ठेवला, लहान. भेंडीले पाणी तेवढंच गेलं. वरून मोटर तापे अन् बिल वाढलं. असं म्हणून राह्यली का तू?"

"हो," मी म्हणाले. "अगदी असंच."

"मंग पाइप बदलायले पायजे."

"पाइप म्हणजे कार्ड."

बाबा मागे टेकून बसले. त्यांना मुद्दा पटला होता, ते दिसत होतं, पण त्यांचा चेहरा मोकळा झाला नव्हता. त्यांनी बाहेरच्या दाराकडे बघत विचारलं, "हे सगळं ठीक आहे. पण खरं सांगजो. तुले मधलाच पायजे, का माहे पैसे वाचवून राह्यली?"

"वाचवायचे नाहीत," मी म्हणाले. "एक रुपया वाचवायचा नाही. जेवढे तुम्ही प्रोसेसरला जास्त देणार होता तेवढे सगळे कार्डात घालायचे. आणि थोडे अजून लागतील, ते मी माझ्या पगारातून घालते. आणि मॉनिटर त्याने दाखवला तो नको. मोठा हवा."

हे बोलून झाल्यावर मलाच जरा भीती वाटली. एका दमात मी इतकं कधी मागितलं नव्हतं.

"म्हणजे वाचलं तं काहीच नाई," आई म्हणाली. "मी म्हटलं, मधला घेतला तं स्वयंपाकघरात पंखा होईन."

"पंखाही होईन," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. "मोठीआई बोलली होती ते तुह्या डोक्यात तं नाई ना? का मुलीले कशाले एवढं, म्हणून तू मागं सरली?"

"ते माझ्या डोक्यात नाही," मी म्हणाले. "ते तुमच्या डोक्यात आहे, बाबा."

आईने मेथीच्या काड्या गोळा करता करता एकदम हसू दाबलं. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, रागावले की होतात तशा, आणि मला वाटलं, आता संपलं. पण मग त्यांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, परत घातला आणि फोन उचलला.

"हो, मीच. मधला टाका. मधलाच. नाई नाई, विचार करूनच सांगून राह्यलो. पोरीनं पाह्यलं सगळं. अन् कार्ड ते तुम्ही दाखवलं ना, त्याच्या वरचं कोणतं?"

सामान आलं, दुकानातच जोडलं गेलं, आणि बुधवारी बाबा ते ऑटोतून मांडीवर धरून घेऊन आले. मधल्या दिवसांत ते कामावरून उशिरा येत होते ते का, हे मला त्या दिवशी कळलं. ऑटोच्या मागोमाग सुतार त्याच्या गाडीवरून एक टेबल घेऊन आला. बाबांनी माप देऊन बनवून घेतलेलं, गोल कडांचं, की-बोर्डासाठी सरकतं फळकुट असलेलं. त्यांनी ते बाहेरच्या खोलीत खिडकीखाली लावलं. दोन भिंतींमध्ये ते बोटभरही जागा न सोडता बसलं. त्या खिडकीत आमचा कूलर असतो. बाबांनी त्याच आठवड्यात त्याच्या बाजूच्या, भुसा भरलेल्या ताट्या बदलून घेतल्या होत्या.

"तू म्हणे ना, तापते म्हणून," बाबा म्हणाले. "आता कसं तापते ते पाहू. डायरेक्ट हवा."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आमच्याकडे तापणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर हाच इलाज आहे. माणूस असो, दुधाचं पातेलं असो, कूलरसमोर ठेवायचं. पण त्या कूलरसमोरच्या टेबलावर सकाळी ठेवलेला पेपर दुपारपर्यंत ओल्या रुमालासारखा मऊ होतो. नव्या ताट्यांचा भुसा महिनाभर उडत राहतो. ती ओली हवा आणि तो भुसा पंखे आत ओढून घेणार, आणि पावसाळ्यापर्यंत आतले धातूचे सांधे गंजायला लागणार. मला दिसत होतं सगळं. टेबल मात्र त्या जागेच्या मापाचं होतं, त्याला पॉलिश होतं, आणि सुतार अजून दारात उभा होता.

"इथे नको, बाबा," मी म्हणाले.

"काऊन?"

"ओलं होईल. आतून गंजेल."

"कूलरनं?"

"हात लावून बघा."

त्यांनी कूलरच्या जाळीपुढे हात धरला. जरा वेळाने तळहात उलटा करून बघितला आणि पँटला पुसला. मग टेबलाकडे बघितलं. सुतार म्हणाला, "साहेब, माप याच जागेचं आहे." बाबा म्हणाले, "माप मीच देल्लं ना. आता उचल तिकडून." दोघांनी मिळून टेबल आतल्या खोलीत नेलं. तिथे ते नीट बसलं नाही. कपाटाचं एक दार आता अर्धंच उघडतं, आणि आई रोज सकाळी साडी काढताना त्या टेबलाला आणि आम्हा दोघांना एकेक शब्द ऐकवते. पण कूलरची हवा दारातून आत येईपर्यंत बरीच कोरडी होते, आणि मशीनला ती पुरते. दुपारी खोली तापते, हेही खरं आहे. तेव्हा मी खेळत नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं आतल्या खोलीत बसलो. मी खेळ सुरू केला, सगळ्या सेटिंग वर नेल्या आणि जिथे सोडलं होतं तिथूनच निघाले. गवत आधीपेक्षा दाट दिसत होतं, एकेक पातं वेगळं हलत होतं, पण मी ते बघितलं नाही. मी बाईला उत्तरेकडे वळवलं.

डोंगर होते. मला वाटलं होतं त्याहून बरेच मोठे. मी नकाशावरून कल्पना केली होती ती निळसर, सरळ रांगेची. तसे ते नव्हते. वेडेवाकडे होते, एकामागे एक, मागचे फिकट होत गेलेले. एका कड्यावरून पाणी पडत होतं आणि ते इतकं लांब होतं की हलताना दिसतच नव्हतं. दोन वर्षं मी ज्या ओढ्याकाठी फिरत होते तो तिथून येत होता.

बाबा पडद्याजवळ सरकले. मग आई म्हणाली, "ते वर काय आहे, पांढरं? देऊळ आहे का?"

"माहीत नाही. तिथे कधी गेले नाही."

"मंग जाऊन पाह्य ना."

"वरचा घेतला असता तं याच्याहून लांबचं दिसलं असतं का?" बाबांनी विचारलं. विचारल्याशिवाय त्यांना राहवणार नव्हतं.

"नाही. एवढंच दिसलं असतं."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत त्यांचा फोन वाजला. मोठेबाबांचा होता. बाबा उठून गेले. मी बाईला कड्याच्या दिशेने चालवत राहिले, आणि दारातून त्यांचा आवाज येत राहिला. तो न येणं शक्यच नसतं.

"हो, आला आजच. नाई भाऊ, मधला. नाई, वरचा होता दुकानात. पैशाचं काही नाई. तिले मधलाच पायजे होता. तिनं सांगतलं तसा घेतला." मग जरा थांबून, "आता ते मले काय विचारता? तिलेच विचारा."

ते आत आले आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मोठेबाबांशी मी फोनवर "बरी आहे" आणि "हो" यापलीकडे कधी काही बोललेले नाही.

"काय वो बाई," मोठेबाबा म्हणाले. "पोट्टा म्हणे, फसली तू. बाप म्हणते, नाई फसली. काय आहे काय त्या डब्यात?"

"रविवारी बाजाराला आलात की घरी या, मोठेबाबा," मी म्हणाले. "मोठीआईलाही आणा. मी दाखवते."

"काय दाखवते?"

"डोंगर."

"पिपरीत कुठले डोंगर?"

मी खुर्चीत मागे टेकले. आईने मला खूण केली की बाई ओढ्यात चालली आहे, तिला थांबव. मी तिला थांबवलं, आणि मोठेबाबांना सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.